इंदूबाईंचं इंग्रजी गाणं

नारायणगावच्या बाजारात भाजीची पिशवी घेऊन चाललो असलो की अजूनही मागून हाक येते, "ओ भाऊ, आमचा टेप बघता का?" दुकान बंद करून आठ वर्षं झाली. त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तरी मी थांबतो आणि विचारतो, "काय करतोय? फीत खातोय, का आवाज जाड येतोय?" समोरचा माणूस खूश होतो. मीही होतो. मग त्याला सांगतो की रबरी पट्टे आता मिळत नाहीत. दोघंही आपापल्या वाटेनं जातो.

रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात माझी तीस-बत्तीस वर्षं गेली. काम शिकलो मंचरला, एका तापट उस्तादाकडे. दुकान मांडलं नारायणगावला, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. लोकांना वाटतं, या धंद्यात यंत्र कळावं लागतं. यंत्र तर कुणालाही कळतं. यंत्र बिघडलेलं नसतानाही माणूस ते घेऊन का आलाय, हे कळावं लागतं.

घाटघरचे एक म्हातारेबाबा तीन वेळा ट्रान्झिस्टर घेऊन आले. माझ्या टेबलावर तो खणखणीत बोलायचा, घाटघरला गेला की मुका. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसून वर गेलो. बाबांनी रेडिओ पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. तिकडे पाऊस असा की भिंतीला बुरशी धरते. ओल लागू नये म्हणून ते पेटीचं झाकण चार बोटं उघडून कान लावून ऐकत. पत्र्यातून रेडिओच्या लहरी आत जात नाहीत, एवढंच. रेडिओ बाहेर काढून खुंटीला टांगला आणि तो बोलायला लागला. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हंजी त्यालाबी कोंडलेलं आवडत न्हाई व्हय."

दुसरे एक ऊसवाले शेतकरी. आमच्या भागात उसाच्या कडेला बरेच जण रेडिओ लावून ठेवतात. माणसाचा आवाज आला की बिबट्या लांब राहतो, असा समज. हे गृहस्थ म्हणाले, "भाऊ, ह्याच्यात फक्त बातम्या लागतील असं करा. गाणी नकोत. गाणी लागली की तो पळायचं सोडून बसून ऐकंल." मी हसलो. ते मात्र हसले नाहीत.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती इंदूबाईंची. ती सांगताना मला माझी एक चूकही सांगावी लागेल.

खोडदला आकाशाचं ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या अँटेना उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. बाहेरून आलेल्या इंजिनिअरांसाठी आणि कामगारांसाठी गावाजवळ एक मेस चालायची. इंदूबाई तिथे स्वयंपाकाला होत्या. वय चाळिशीचं. घरी दोन मुलं, थोडी जमीन, दहा-बारा मेंढरं आणि नवरा किसनदादा. एक दिवस त्या दुकानात आल्या, काखेत टॉवेलात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर.

"गाणं मधीच रडतंय," त्या म्हणाल्या.

मी टेप उघडला. आत पिठाचा थर. चपात्यांचं पीठ उडून उडून चाकांवर बसलं होतं. साफ केलं आणि आतली कॅसेट लावली. मला वाटलं, भजन असेल, नाहीतर लोकनाट्यातली गवळण. लागलं इंग्रजी गाणं.

सुरुवातीला यंत्राच्या ढोलकीचा ठेका. माणसानं वाजवलेली ढोलकी श्वास घेते, ही घेत नव्हती. शिलाई मशीन चालावं तशी सरळ चालली होती. तिच्यावर काचेचे पेले कुणी हळूच वाजवावेत तसे सूर. मग एक पुरुष गायला लागला. गायला म्हणजे, स्टँडवर गाड्यांच्या वेळा सांगतात तितक्या कोरडेपणानं शब्द सांगू लागला. मला वाटलं, हे कसलं गाणं! पण ध्रुवपदाला तो आवाज एकाएकी वर गेला, आणि वर जाताना किंचित फाटला. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

इंदूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "हितंच," त्या म्हणाल्या. "हितंच काळीज हालतं का न्हाई?"

मेसमध्ये दक्षिणेकडचा एक तरुण इंजिनिअर होता. तो रोज सकाळी दाढी करताना ही कॅसेट लावायचा. इंदूबाई तेव्हा चपात्या लाटत. त्यांचं लाटणं त्या ठेक्यावर चालायला लागलं. दोन ओळींत एक चपाती. आठवड्याभरानं त्यांच्या लक्षात आलं की आपण सकाळी कामावर चाललोय ते गाण्यासाठी. काम संपून तो साहेब जायला निघाला तेव्हा त्यांनी बाकी काही मागितलं नाही, गाणं मागितलं. त्यानं कॅसेट दिली आणि वाजवायला टेपही दिला.

हे ऐकून मी एक वाक्य बोललो. ते आज लिहितानाही मला ओशाळल्यासारखं होतं. डोळे बारीक करून मी म्हटलं, "साहेब चांगलाच आवडला म्हणायचा."

इंदूबाईंनी टॉवेल झटकला. "भाऊ, मानूस न्हाई आवडला. गाणं आवडलं. तुमी इतकी गाणी ऐकता, तुमाला एवढं कळंना व्हय?"

त्या टेप घेऊन गेल्या. गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण त्या दिवशी दुपारी मी चहाच्या टपरीवर ती रंगवून सांगितली. खोडदची एक चपात्या लाटणारी बाई, इंग्रजी गाणं, जाताना टेप देऊन गेलेला साहेब. नाव घेतलं नव्हतं. पण खोडदला चपात्या लाटणाऱ्या अशा किती असणार? सगळे हसले. हसवलं म्हणून मलाही बरं वाटलं. टपरीवरून जीपा सगळ्या गावांना जातात, आणि गोष्टी जीपांतूनच जातात, हे मला कळायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी इंदूबाई पुन्हा आल्या. या वेळी हातात टेप नव्हता, पातेलं होतं. त्यावर ताटली झाकलेली. ती त्यांनी काढली. आत तपकिरी फितीचा गुंता होता, शेवयांसारखा. त्यात माती, काटक्या, टोमॅटोच्या बागेतल्या सुतळीचे तुकडे.

"आमच्या मालकांनी वढून काढली," त्या म्हणाल्या. "पार बांधापत्तूर वढीत न्हेली. लोकं काय काय बोलाय लागली व्हती."

मी पातेल्यातली एक काटकी उचलून बाजूला ठेवली.

"कुणी बोललं ते मला म्हाईत हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमीच बोलला, आता तुमीच गुंडाळा."

पातेलं माझ्या टेबलावर ठेवून त्या मागं न बघता गेल्या.

कॅसेटची फीत काय असते ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाच्या दाण्याएवढ्या रुंदीची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पट्टी. एका सेकंदाला जेमतेम दोन इंच पुढे सरकते. चार मिनिटांचं गाणं म्हणजे तीस हातांहून थोडी कमीच फीत. चुरगळली की आवाज लडखडतो, ताणली की तो जाड होतो, आणि गाठ कधी ओढायची नाही, ती सोडवायची. मी दुकानाच्या आतल्या बाजूला एक जुनं धोतर अंथरलं आणि गुंता त्यावर ओतला. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असताना बसायचो. ओल्या फडक्यानं एकेक वीत पुसायची, वाळवायची, पेन्सिलीवर गुंडाळायची. तुटल्या जागी तिरका काप देऊन मागून बारीक चिकटपट्टी लावायची. बारा दिवस लागले. बायको म्हणाली, "असं कुठलं काम आलंय?" मी तिला खरं ते सांगितलं. तिनं धोतरावरचा गुंता पाहिला. मग म्हणाली, "नीट करून द्या."

फीत जोडून लावली. गाणं वाजलं. पण दुसऱ्या कडव्याच्या आधी ठेका एकदम ठेचकाळून पुढे जायचा. एक तुकडा कमी होता. हातभर असेल. नऊ-दहा सेकंद. पातेलं दोनदा झाडलं, तो काही मिळाला नाही.

इंदूबाईंना निरोप धाडायच्या आतच एक दिवस किसनदादा आले. उंच, पागोटं बांधलेला माणूस. मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं, पण दारात उभे राहिले तेव्हाच ओळखलं. वाटलं, आता हा माणूस टेबल उलथतो.

त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत फितीचा तुकडा होता, नीट घडी घातलेला.

"टमाट्याच्या काठीला अडाकला व्हता," ते म्हणाले. "वाऱ्यानं फडफडत व्हता. ह्यो त्यातलाच हाय का बघा. चिटकत असंल तर चिटकवा."

मी तुकडा घेतला. म्हटलं, "दादा, ती टपरीवरची गोष्ट माझ्याच तोंडची. त्यात काही खरं नव्हतं."

"ते कळलं मला. पर उशिरा कळलं." ते स्टुलावर बसले. "भाऊ, ती ते गानं लावायची तवा येगळीच दिसायची. माझ्या घरात बसून कुठंतरी लांब असल्यावानी. मला वाटलं, ह्या बाईचं ध्यान कुनीतरी न्हेलंय." जरा वेळ ते पागोट्याच्या शेवाशी खेळत राहिले. "फीत वढली त्या दिसापास्नं ती भांडली न्हाई, रडली न्हाई. भाकरी करती, वाढती. पर थापायचा आवाज बदाललाय. लावा बरं, काय हाय त्यात ते मलाबी ऐकू द्या."

मी त्यांच्यासमोर तो तुकडा जागेवर बसवला आणि गाणं लावलं. किसनदादांनी ते मान खाली घालून ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "परत." दुसऱ्यांदा ऐकताना ध्रुवपद आलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"हितं त्याचा आवाज फाटतोय," ते म्हणाले.

"हो."

"मेंढरू चुकल्यावर हाळी देताना आमचाबी असाच फाटतो."

एवढं म्हणून ते उठले. कॅसेट त्यांनी मऊ रुमालात गुंडाळली आणि बनियनच्या आतल्या खिशात ठेवली.

त्यानंतर इंदूबाई वर्षातून एक-दोनदा येतच राहिल्या. कधी पट्टा सैल, कधी बटण अडकलेलं. राग त्यांनी मनात ठेवला नाही, किंवा ठेवला असला तरी तो मला दिसू दिला नाही. पुढे मेस बंद झाली. त्या घरच्या टोमॅटोत राबू लागल्या. मुलांची लग्नं झाली. कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन मोबाइल आला. माझ्या दुकानात कॅसेटचं असं एकच गिऱ्हाईक उरलं. मी त्या गाण्याच्या तीन नकला करून ठेवल्या होत्या. एक माझ्यासाठी. होय, मलाही ते सोडत नव्हतं. सोल्डरिंग करताना मी तो ठेका तोंडानं धरायचो.

कॅसेटवर नाव नव्हतं. साहेबानं स्वतःच वेगवेगळी गाणी भरून घेतलेली ती कॅसेट, वर पेनानं नुसता एक आकडा. पुण्याला सामान आणायला गेलो की मी गाण्यांच्या दुकानात जाऊन विचारायचो. काउंटरवर उभा राहून गुणगुणून दाखवायचो. पोरं एकमेकांकडे बघून हसायची. मला वाटायचं, ठीक आहे, हसा. मीही हसलो होतो.

दोन वर्षांपूर्वी किसनदादा गेले. मी त्यांच्या दहाव्याला गेलो होतो. इंदूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. गर्दी ओसरल्यावर म्हणाल्या, "आजारात त्येच सांगायचे, इंदू, तुझं ते लाव. मी म्हनायची, तुमाला तर आवडत न्हाई. तर म्हनायचे, लाव गं, सवय झालीया."

यंदा उन्हाळ्यात त्यांची सून मंदा माझ्या घरी आली. पिशवीत तोच टेप. "काका, आत्याबाई दोन दिस झाले नीट जेवल्या न्हाईत. ह्यातनं नुसता खरखर आवाज येतोय. पूर्वी मी हसायचे त्यांच्या गान्याला. आता घरात ते वाजत न्हाई तर मलाच कसंतरी होतंय."

मी कॅसेट पाहिली. फितीवरचा थर झडत आला होता. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडतोय आणि खाली कुणीतरी गातोय, एवढंच ऐकू येत होतं. माझ्याकडच्या नकला जरा बऱ्या, पण त्याही फिकट. आता यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तीस वर्षांत असं मला कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं असं नाही. पण इंदूबाईंना सांगायला माझं मन होईना.

माझी मुलगी सुजाता मंचरला कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती सुट्टीला आली होती. म्हणाली, "बाबा, फोनला गाणं ऐकवलं की तो नाव सांगतो." ऐकवलं. फोननं काही सापडलं नाही म्हणून सांगितलं. पुन्हा ऐकवलं, पुन्हा तेच. सुजाता म्हणाली, "फार जुनं असेल. नसेल त्यांच्याकडे."

मी उगाच कॅसेट उलटून लावली. ती शेवटापर्यंत चालू दिली. दुसऱ्या बाजूला शेवटी एक अर्धवट हिंदी गाणं होतं, सगळ्यांना पाठ असलेलं. ते मी शेकडो वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा ते मी उस्तादाच्या कानानं, म्हणजे यंत्राचा दोष शोधत, ऐकलं. गाणारी बाई जड आवाजात गात होती, नुकती झोपेतून उठल्यासारखी. त्या गाण्याचा खरा सूर याहून वरचा. म्हणजे ज्या यंत्रावर साहेबानं ही कॅसेट भरली ते वेगानं पळणारं होतं. त्यामुळे इतर प्रत्येक यंत्रावर ती संथ वाजत होती. आम्ही सगळे इतकी वर्षं ते गाणं संथ ऐकत आलो होतो. बत्तीस वर्षं मेकॅनिक म्हणवून घेतलं आणि हे मला कळलं नाही!

टेपच्या मोटरला मागून एक बारीक भोक असतं. आत स्क्रू असतो. तो केसभर फिरवला की वेग बदलतो. मी चष्मा पुसून बसलो. हिंदी गाणं जागेवर येईपर्यंत फिरवत गेलो. मग ती कॅसेट काढून माझी नक्कल लावली आणि सुजाताला म्हटलं, "आता ऐकव." फोननं थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि नाव पडद्यावर आलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते इंदूबाईंचं आहे, ज्याला हवं असेल त्यानं खोडदला जाऊन त्यांना विचारावं.

दुसऱ्या दिवशी सुजाता आणि मी खोडदला गेलो. दुपारची वेळ. इंदूबाई ओट्यावर खाटेवर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मंदानं पाणी आणलं. मी म्हटलं, "इंदूबाई, कॅसेट संपली. ती आता दुरुस्त होणार नाही."

त्यांनी मान हलवली. "मला वाटलंच व्हतं."

"पण गाणं सापडलंय. पुरं. मात्र ते तुमच्या कॅसेटपेक्षा जरा पळतं." मी वेगाची सगळी भानगड त्यांना सांगितली. मनात धाकधूक होती. जे तीस वर्षं जपलं ते असं नव्हतंच, हे कुणाला आवडेल? सुजातानं छोटा स्पीकर खाटेवर ठेवला आणि गाणं लावलं.

ठेका सुरू झाला, खणखणीत. इंदूबाईंचा हात मांडीवर होता, तो थबकला. आवाज आला तशा त्या पुढे वाकल्या. मग त्यांच्या तोंडावर हसू पसरत गेलं.

"अगं बया," त्या मंदाला म्हणाल्या. "ह्यो तर तरना झाला की गं! इतकी वरसं मला वाटायचं, ह्यो बाबा दमून गातोय."

ध्रुवपदाला आवाज वर गेला आणि तिथेच फाटला. वेग बदलला तरी ते तसंच होतं. इंदूबाईंनी डोळे मिटले. त्यांचा तळवा मांडीवर पडायला लागला, थाप, थाप, थाप, नव्या वेगानं. आधी दोनदा चुकला, मग जुळला. मागे जुन्या कॅसेटवर कधीच न ऐकू आलेले बारीक सूर होते, चांदीच्या घुंगरासारखे. ते आले की त्या बोट वर करून आम्हाला दाखवायच्या.

गाणं संपल्यावर सुजातानं विचारलं, "आजी, अर्थ सांगू?"

"सांग की. कवाच कुनी सांगितला न्हाई."

सुजातानं सोप्या भाषेत सांगितलं. एक माणूस गाव सोडून चाललाय. गाडी सुटायची आहे. कुणीतरी थांब म्हणेल म्हणून तो मागे बघतोय.

"मंग? म्हनलं का कुनी थांब?"

"ते गाण्यात कळत नाही."

इंदूबाईंनी विचार केला. "न्हाई म्हनलं. म्हनलं असतं तर त्यो घरी जाऊन जेवला असता. गानं कशाला करत बसला असता?" मंदा खळखळून हसली. इंदूबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "गानारा हाय का अजून?"

सुजातानं फोनवर शोधून त्यांना दाखवलं. मंचावर एक पांढऱ्या केसांचा, पोट सुटलेला गृहस्थ उभा होता. समोर त्याच्याच वयाची माणसं हात वर करून गात होती. सुजाता म्हणाली, "आहे आजी. म्हातारा झालाय, पण अजून कार्यक्रम करतो. आणि प्रत्येक कार्यक्रमात शेवटी हेच गाणं म्हणतो."

इंदूबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरून त्याला नीट न्याहाळलं. कपाळ, केस, माइक धरलेला हात. मग समाधानानं फोन परत दिला.

"म्हंजी त्यालाबी अजून आवडतंय," त्या म्हणाल्या. "लाव परत."